चढताना चांगला, उतरताना दुखरा

"चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी." गुडघा बदलायच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपीवाल्या मुलीने मला हे वाक्य शिकवलं. मी वॉकर सोडून पहिल्यांदाच जिन्याच्या कठड्याला धरून उभी होते. ती म्हणाली, "आजी, हे पाठच करा. दोन-तीन महिन्यांनी विसरलात तरी चालेल."

त्याला आता तीन वर्षं होऊन गेली. साताऱ्यातलं आमचं घर किल्ल्याच्या अंगाला आहे आणि रस्त्यापासून दारापर्यंत चौदा पायऱ्या आहेत. मी अजून एकेका पायरीवर दोन्ही पाय आणते. उतरताना उजवा खाली टेकला की गुडघ्याच्या आतल्या बाजूला, वाटीच्या जरा खाली, एक कळ उठते. ती मांडीपर्यंत चढते, क्षणभर थांबते आणि ओसरते. मग डावा पाय, मग पुन्हा उजवा. खाली पोचेपर्यंत दुधाची पिशवी धरलेल्या हाताला घाम सुटलेला असतो. खाली कुणी ना कुणी भेटतंच. "बाई, आता मस्त चालता हो तुम्ही! गुडघा बदलल्याचा फायदा झाला ना?" मी "हो" म्हणते. हा "हो" मला फार दिवस छळतोय, म्हणून हे लिहायला बसले.

मी सत्तावीस वर्षं हायस्कूलमध्ये मराठी शिकवलं. खुर्चीवर बसून शिकवायची मला सवयच नव्हती, सगळे तास फळ्यासमोर उभ्याने. पन्नाशीनंतर गुडघे कुरकुरायला लागले, साठीनंतर उजवा आतल्या बाजूला वाकला. एक्स-रेत दोन हाडांमधली फट दिसेनाशी झाली होती. डॉक्टर म्हणाले, "गादी संपली, हाडावर हाड घासतंय." तेल, शेक, पट्टा, गोळ्या, गुडघ्यातली इंजेक्शनं, सगळं करून झालं होतं.

ऑपरेशनची भीती मला फारशी वाटली नाही. त्याला एक जुनं कारण आहे. २००० सालच्या ऑक्टोबरमध्ये अटलजींचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडीत बदलला, पुढच्या वर्षी जूनमध्ये उजवा. तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये चार दिवस दुसरा विषय नव्हता. गुडघा बदलता येतो हेच आमच्यातल्या कित्येकींना तेव्हा कळलं. ते ऑपरेशन करायला डॉ. चित्तरंजन राणावत न्यूयॉर्कहून आले होते. आज जगभर जे कृत्रिम गुडघे बसवतात त्यांचा मूळ नमुना १९७४ साली न्यूयॉर्कला तयार झाला, तो करणाऱ्या तिघा-चौघांत तेही होते. देशाचे पंतप्रधान ज्या ऑपरेशनला सामोरे गेले, ते आपल्याला कसलं जड, असं वाटायचं. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने सांध्यांच्या किमतींना लगाम घातला. नेहमी वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा ५४,७२० रुपयांवर आला, जीएसटी वेगळा. आमच्यासारख्यांच्या घरात हा विषय जेवताना निघू लागला तो तेव्हापासून. तरी दवाखाना, भूल, औषधं धरून खर्च दोन लाखांच्या घरात गेलाच. तो मुलाने भरला. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे मी इतके दिवस गप्प का राहिले त्याचं अर्धं कारण यात आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ऑपरेशन झालं. आदल्या दिवशी संमतीच्या कागदावर सह्या केल्या. जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी, भुलेचे धोके, सगळं त्यात होतं. मी प्रत्येक ओळ वाचली. शिक्षिकेची सवय, न वाचता सही होत नाही. सगळं नीट होऊनही दुखणं राहू शकतं, असं त्यात कुठेही नव्हतं.

माझ्या आठ दिवस आधी शेजारच्या वहिनींचा गुडघा त्याच डॉक्टरांनी बदलला होता. आम्ही दोघी बरोबरच व्यायाम करायचो. फोन मांडीवर ठेवून टाच सरकवायची, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची, दहापर्यंत मोजायचं. सहा आठवड्यांत त्या काठी घेऊन राजवाड्यापर्यंत जाऊन आल्या. तीन महिन्यांत काठी सुटली. पुढच्या थंडीत त्या पहाटे अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने मंगळाईच्या देवळापर्यंत चालत गेल्या आणि माझ्यासाठी प्रसाद घेऊन आल्या. मला त्यांचा खरोखर आनंद झाला. त्या गेल्यावर मी दार लावलं, देवघरासमोरच्या खुर्चीत बसले आणि बराच वेळ रडले.

माझं दुखणं कमीच होत नव्हतं. झिजलेल्या गुडघ्याचं जुनं दुखणं गेलं होतं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. ते हाडावर हाड घासल्याचं करकरीत दुखणं पुन्हा कधी आलं नाही. त्याच्या जागी दुसरं आलं, आणि या दुसऱ्याची मला ओळखच नव्हती. रात्री अंथरुणात पाय सरळ केला की आतून भगभग. टाक्याच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी जागा बधिर. तिथे चिमटा काढला तरी कळत नाही, आणि त्या जागेच्या अगदी कडेला मात्र निऱ्यांचा काठ घासला तरी अंगावर शहारा येतो. सुती साडी नेसून घरात वावरणारी मी, वर्षभर गाउनवर काढलं. निऱ्या दुखतात हे कुणाला आणि कसं सांगायचं?

डॉक्टरांकडे गेले की ते एक्स-रे पडद्यावर लावत. मांडीच्या हाडाला चढवलेलं धातूचं टोपण, नडगीवर बसवलेली ताटली, मध्ये प्लास्टिकची चकती, ती एक्स-रेत दिसत नाही, नुसती मोकळी फट दिसते. "बघा, किती सुरेख बसलाय. एक मिलिमीटर इकडचा तिकडे नाही." ते मनापासून म्हणत होते. त्यांचं काम चोख होतं, हे मला आजही मान्य आहे. मी म्हणायची, "पण दुखतं हो." ते म्हणायचे, "वेळ द्या." तीन महिने द्या, मग सहा महिने, मग वर्ष. वर्ष झाल्यावर म्हणाले, "वजन थोडं कमी करा, मन दुसरीकडे गुंतवा." त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला पहिल्यांदा वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. आपण व्यायाम कमी केला असेल. आपल्यालाच सोसत नाही.

घरी तर बोलणंच बंद केलं. मुलगा फोनवर विचारायचा, "आई, गुडघा कसा आहे?" त्याने घरासाठी साठवलेल्यातून पैसे काढले होते. त्याला काय सांगणार? म्हणायची, "छान आहे." माझे यजमान सगळं बघत होते, पण त्यांनाही मी "थंडीमुळे आखडतं" असंच सांगायचे. दुखणं लपवायला जेवढी ताकद लागते तेवढी ते सोसायलाही लागत नाही.

शेवटी यांनीच मला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रीतसर सगळं तपासलं. जंतुसंसर्ग आहे का बघायला रक्तातला ईएसआर आणि सीआरपी, गुडघ्यातलं पाणी काढून त्याची तपासणी, सांधा फिरला का बघायला सीटी स्कॅन, कंबर आणि खुबाही. कारण खुब्याचं किंवा मणक्याचं दुखणं कधी कधी गुडघ्यात उमटतं. जंतू नाहीत, सांधा सैल नाही, वाकडा नाही. मी विचारलं, "मग पुन्हा उघडून बघता येईल का?" ते स्पष्ट म्हणाले, "कारण सापडल्याशिवाय दुसरं ऑपरेशन करायचं नाही. आहे त्याहून बिघडायचीच शक्यता जास्त." त्यांचा तो नकार मला तेव्हा कडू लागला. आज वाटतं, त्यांनी माझ्यावर उपकार केले. त्यांनीच पुण्यातल्या एका पेन क्लिनिकचा, म्हणजे दुखण्यावरच उपचार करणाऱ्या दवाखान्याचा, पत्ता दिला.

पुण्याला जाण्याआधी त्यांनी पंधरा दिवसांची वही करायला सांगितली होती. रोज दुखणं किती, दहापैकी आकडा लिहायचा. आयुष्यभर पेपर तपासले, पण हे गुण काही देता येईनात. पहाटेचं सहा आणि जिन्यावरचं सहा एकच कसं? तीन दिवसांनी मी आकडे सोडून शब्द लिहायला लागले, आणि मग वही भरत गेली. पहाटे चारला ठणका असतो, तो नाडीच्या ठोक्यावर चालतो. उभं राहून पोळ्या केल्या की रग लागते, ती मांडीत आणि पोटरीत, बसलं की हळूहळू उतरते. वळताना चमक निघते, निघेपर्यंत गेलेलीही असते. कळ मात्र येते तशी वर चढते आणि माणसाला थांबवते. सणक विजेसारखी वरून खाली घोट्यापर्यंत जाते. भगभग कातडीची, रात्रीची. ठसठस पाऊस येण्याआधी. आणि खुपणं सतत असतं, आत काहीतरी आपलं नसलेलं आहे, असं. ओढ म्हणजे कुणी गुडघ्याभोवती ओला पंचा पिळून आवळावा तसं. आमच्या आयाबायांनी हे शब्द उगाच वेगवेगळे ठेवलेले नाहीत. बाळंतपणाच्या कळा असतात, त्यांना कुणी ठणका म्हणत नाही. गळू ठसठसतं, दात ठणकतो, वाढत्या मुलांच्या पायांना रग लागते.

पुण्याच्या डॉक्टरांनी वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. वाचता वाचता दोन शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारली, भगभग आणि सणक. "हे नसांचं दुखणं आहे. नुसत्या आकड्यावरून मला हे कळलं नसतं." मग त्यांनी सांगितलं की रोनाल्ड मेलझॅक नावाच्या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली रुग्णांच्या तोंडचे असेच ७८ शब्द वीस गटांत लावून दुखण्याची प्रश्नावली केली, आणि ती अजून वापरतात. मला फार बरं वाटलं. माझी वही वेडेपणा नव्हती.

त्यांनी मला डोळे मिटायला सांगून कापसाचा बोळा टाक्याभोवती फिरवला. कुठे कळत नाही, कुठे नुसता स्पर्श कळतो, कुठे कापूस टोचतो. बॉलपेनने गुडघ्यावर तीन वर्तुळं काढली. मी खाली बघितलं, तर जे मी दीड वर्ष कुणाला समजावू शकले नव्हते त्याचा नकाशा माझ्याच पायावर उमटला होता. ते म्हणाले, "बाई, तुम्हाला दुखतंय. हे शंभर टक्के खरं आहे." एवढंच. मला एकदम हुंदका आला. हे शेजारी बसले होते, त्यांनी माझा हात धरला. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती, चारचौघांत त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता.

मग त्यांनी समजावून सांगितलं. गुडघा उघडताना कातडीखालची एक बारीक नस बहुतेक वेळा कापली जातेच, म्हणून बाहेरची बाजू बधिर होते. बहुतेकांना तेवढंच राहतं, काहींची नस दुखरी होऊन बसते. शिवाय वर्षानुवर्षं दुखत राहिलं की मज्जारज्जू आणि मेंदू हळवे होतात. "एकदा वाड्यात चोर शिरला की कुत्रं पानाच्या सळसळीलाही भुंकतं. चोर नाही म्हणून भुंकणं खोटं नसतं." १९८३ साली क्लिफर्ड वुल्फ नावाच्या संशोधकाने हे प्रयोगातून दाखवलं, तेव्हापासून वैद्यकशास्त्राला हे ठाऊक आहे. ऑपरेशननंतर तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत स्वतंत्र नाव आहे. ही नवी यादी जानेवारी २०२२ मध्ये लागू झाली, माझ्या ऑपरेशनच्या आदल्या महिन्यात.

आणि मग तो आकडा. ब्रिस्टल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१२ मध्ये वेगवेगळे अभ्यास एकत्र तपासले. गुडघा बदलल्यानंतर दीर्घकाळ त्रासदायक दुखणं राहिलेल्यांचं प्रमाण १० ते ३४ टक्के निघालं. साधारण पाचांत एक. मी मनात वर्ग उभा केला, पन्नास मुलींचा, आणि त्यातल्या दहा उभ्या केल्या. दहा जणी! आणि मला दीड वर्ष वाटत होतं की अख्ख्या महाराष्ट्रात मी एकटी आहे.

माझा राग इथे आहे, आणि तो मी लपवणार नाही. ऑपरेशन चुकलं म्हणून नाही, ते चुकलेलंच नाही. पाचांतल्या एकीची गोष्ट ठाऊक असून ती आधी सांगत नाहीत आणि नंतर विचारत नाहीत, याचा राग आहे. टाके भरले, गुडघा नव्वद अंशांच्या पुढे वाकला, एक्स-रे सुरेख आला, की फाइल बंद. इंग्लंड-वेल्समध्ये आठ रुग्णालयांनी मिळून एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. गुडघा बदलून तीन महिन्यांनी ज्यांना अजून दुखत होतं अशा ३६३ जणांना त्यांनी निवडलं. त्यातल्या काहींना तासभर वेगळं बसवून तपासलं, कारणानुसार पुढे पाठवलं, नंतर फोन करून विचारपूस केली. त्यांचं दुखणं बाकीच्यांपेक्षा थोडं तरी कमी झालं. काही चमत्कार झाला नाही. पण तीन महिन्यांनी कुणी मला एक फोन केला असता, तर मी स्वतःला दोष देत दीड वर्ष काढलं नसतं.

औषधांचं थोडक्यात सांगते. रात्रीची प्रीगाबालिन घेतली की भगभग निम्म्यावर येते, पण सकाळी डोकं जड असतं आणि घोटे सुजतात. दुसरी गोळी ड्युलोक्सेटिन. औषधाच्या दुकानातल्या पोराने ती बघून हळू आवाजात विचारलं, "काकू, डिप्रेशन आहे का?" घरी येऊन मी ती चार दिवस घेतलीच नाही. म्हणजे शेवटी मनाचंच दुखणं ठरवलं ना डॉक्टरांनी! त्यांनी फोनवर समजावलं, की मेंदूकडून खाली येऊन दुखण्याला आवर घालणाऱ्या वाटा असतात, त्या ज्या रसायनांवर चालतात तीच ही गोळी वाढवते. मग घेतली. दुखणं गेलेलं नाही. जाईल असं त्यांनीही सांगितलं नाही. झोप मात्र सलग पाच तास लागते, आणि पाच तास झोपलेल्या माणसाचा दिवस वेगळा असतो.

जे गेलं त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे जमीन. आमचं सगळं घर जमिनीवर चालायचं. माझी विळी सासूबाईंची, आडव्या पाटाची, पात्याला पितळी खवणी. उजवा गुडघा मोडून पाट त्याच्याखाली दाबायचा, डावा उभा, आणि मेथीची जुडी पात्यावरून सरसर. त्या बैठकीत मी किती विचार केले असतील, उद्याचा धडा कसा सुरू करायचा इथपासून मुलीच्या लग्नापर्यंत. आता ओट्याशी उभी राहून सुरीने चिरते, दर दहा मिनिटांनी स्टुलावर टेकते. हळदीकुंकवाला सगळ्या सतरंजीवर आणि मी खुर्चीत, त्यांच्या डोक्यांच्या वर. श्रावणात पंगत बसते तेव्हा मी टेबलाशी. गौरीपुढे रांगोळी सून काढते, मी वरून सांगते, इथे कमळ, इथे पावलं. नातू गाड्या घेऊन जमिनीवर लोळतो आणि म्हणतो, "आजी, खाली ये ना." विळी मी अजून टाकलेली नाही. महिन्यातून एकदा काढते, पात्याला तेलाचा हात फिरवते, कागदात गुंडाळून ओट्याखाली ठेवते.

गेल्या वर्षी कराडहून माझ्या जाऊबाईंचा फोन आला. त्यांचा डावा गुडघा पुरता गेलाय, रात्रभर झोप नाही. "तुम्हीच सांगा, करू का? तुमचं तर छान झालंय." माझ्या त्या "हो"चं फळ असं समोर आलं. मी म्हणाले, "ताई, फोनवर नको, मीच येते."

त्यांच्याकडे दोन दिवस राहिले. पहिल्यांदा कुणाला तरी सगळं सांगितलं, वही वाचायला दिली. वहिनी मंगळाईला चालत जातात तेही तितकंच सांगितलं, कारण पाचांतल्या चार जणी त्याच आहेत, आणि माझ्या दुखण्याने कुणाची चालायची वाट अडावी असं मला मुळीच वाटत नाही. जाऊबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एवढं सोसलंत आणि बोलला नाहीत? भावजींना तरी?" दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासमोरच मुलाला फोन लावला. तो आधी गप्प झाला, मग म्हणाला, "आई, मला माहीत होतं. तू पायऱ्या उतरताना फोनवर बोलायचं थांबतेस."

पंधरा दिवसांनी जाऊबाईंबरोबर त्यांच्या डॉक्टरांकडे गेले. एक्स-रे बघून झाला, सांधा कुठला, खर्च किती, दाखल कधी व्हायचं, सगळं ठरत आलं. जाऊबाईंनी पदर सारखा केला आणि विचारलं, "आणि सगळं नीट होऊनही दुखणं राहिलं, तर?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बाहेरच्या पेशंटला जरा थांबायला सांगितलं, खुर्ची पुढे ओढली. पंधरा-वीस मिनिटं बोलले. आकडा सांगितला, आधीपासून फार दुखणाऱ्यांना, झोप नसणाऱ्यांना धोका जास्त असतो हे सांगितलं, आधी सहा आठवडे मांडीचे व्यायाम आणि झोपेचं औषधपाणी करू म्हणाले. आणि कागदावर लिहून दिलं, ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी दुखत असेल तर यायचं, न बोलावता यायचं.

जाऊबाईंनी दिवाळीनंतरची तारीख घेतली. बाहेर पडलो तर दवाखान्याला सहा पायऱ्या. कठडा एकाच बाजूला. त्यांनी कठडा धरला आणि दुसरा हात माझ्या हातात दिला. मी म्हणाले, "उतरताना दुखरा आधी हं, ताई." त्यांचा डावा, माझा उजवा.